इडोच्या वर्गाला तिसरा पाहिजे

गेल्या रविवारी सकाळी सव्वानऊ वाजता आमच्या मामांवर अन्याय झाला. चंद्रपूर-गडचिरोली मिळून क्रियापदांवर त्यांच्याइतकं प्रेम करणारा दुसरा माणूस नाही, हे मी लेखी द्यायला तयार आहे. आणि त्याच माणसाचा वर्ग आमच्या वस्तीतल्या वाचनालयाच्या कमिटीने बंद केला. कारण? विद्यार्थी एकच, तोही भाचा. म्हणजे मी.

मामा ऊर्जानगरच्या वीजकेंद्रातून निवृत्त झाले आणि इडो शिकले. इडो म्हणजे साऱ्या जगाला सोपी जावी म्हणून माणसांनी मुद्दाम बसून तयार केलेली भाषा. "मराठीत मी जातो, तू जातोस, ते जाते. जानं एकच, तं नखरे कितीक! इडोत मी इरास, तू इरास, साहेब इरास, चपराशीबी इरास. क्रियापद कोनाची जात पाहत नाई, बाबू!" गेलात तर इरिस, जाणार तर इरोस, संपलं व्याकरण. हे ते विहारात वंदना आटोपून चप्पल शोधणाऱ्यालाही अडवून सांगतात. मामीने जेवायला हाक मारली की म्हणतात, "मांजोस," म्हणजे जेवीन. "भविष्यकाळ राहू द्या, भात थंडा होऊन राह्यला," मामी म्हणते. एकदा धानोऱ्याहून येताना त्यांनी गडचिरोलीपर्यंत अख्ख्या बसला सगळे काळ शिकवले. मोहफुलांची टोपली मांडीवर घेतलेल्या एका म्हातारीने सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "हे बोलते कोन, भाऊ?"

"सध्या मीच."

"मंग भांडता कोनासंग?"

त्याच आठवड्यात मामांनी वाचनालयाच्या मागच्या खोलीत वर्ग काढला.

तर रविवारी अध्यक्ष आले. "मामाजी, खोली खाली करा, कॅरम ठेवाचा हाये." कॅरम! जगाच्या भाषेपुढे कॅरम! मामा हलले नाहीत. "प्लँटमधे पुढच्या पाळीचा रिलिव्हर आल्याबिगर खुर्ची सोडत नसतेत. माझा रिलिव्हर आना, उठतो." साडेबारापर्यंत तसेच बसून. शेवटी मामी आली, पदराने घाम पुसला आणि म्हणाली, "उठा. द्या मले चार्ज." मामांनी खडू तिच्या हातात ठेवला आणि गुपचूप घरी गेले. तेव्हापासून इडोतला एक शब्द त्यांच्या तोंडून निघालेला नाही.

मी कमिटीशी भांडलो. ते म्हणतात, तीन विद्यार्थी दाखवा, खोली घ्या. एक मी. दुसरं नाव मामीने स्वतः लिहून दिलंय. तिसरे तुम्ही. हळहळू नका, येत्या रविवारी नऊ वाजता वही घेऊन या आणि मामांसमोर बसा.