हमालाला कुठं दुखतं

त्या गोळ्या धोंडीबाच्या तोंडात मी कोंबल्या. व्यापाऱ्याने नाही. दिवाणजीने नाही. मी.

बहात्तरच्या दुष्काळात आम्ही दोघं औंधकडून सांगलीला आलेलो. हळदीच्या पेठेत अकरा हमालांची टोळी. मी सातवी शिकलेला, म्हणून मुकादम. धोंडीबा माझ्याहून वयाने बराच मोठा. त्या सकाळी मानेवर पोतं घेताना त्याचा डावा हात लुळा पडला. पोतं खाली येऊन फुटलं. गादीवरून व्यापाऱ्याचा दिवाणजी हसला. ‘मुकादम, टोळीत बायका कवापासनं घेतल्या?’

टोळीत एक माणूस कमी पडला की व्यापारी दुसरी टोळी बोलवायचा. मी घाबरलो. सगळ्यांदेखत त्या वडीलधाऱ्या माणसाला म्हणालो, ‘नाटकं करतोस व्हय रं? हमालाला कुठं दुखतं?’ दिवाणजीच्या डब्यातल्या दुखणं दाबायच्या दोन गोळ्या त्याला चारल्या. त्याने गिळल्या. दुसरं पोतं उचललं.

गोळ्या चहाबरोबर फुकट मिळायच्या. मीही खायचो. आधी दोन, मग सहा, मग मोजणं सोडलं. दुखणं दबायचं, मान आतून झिजत राहायची. वर्षभरात धोंडीबाचा हात पुरता गेला. तो गावी परतला. मी भेटायला गेलो नाही. मग माझीही बोटं बधिर झाली. हातातून कप सुटायला लागला.

सरकारी दवाखान्यात मानेचं ऑपरेशन ठरलं. त्याआधी डॉक्टरांनी विचारलं, ‘दुखण्याच्या गोळ्या किती खातोस?’ म्हणालो, ‘कवातरी एखादी.’ खरं सांगितलं तर हाकलतील, ही भीती. त्या गोळ्यांनी रक्त पातळ झालेलं. ऑपरेशनात ते लवकर थांबेना. खोटं माझं. कबूल.

शुद्धीवर आलो तर मानेत निखारा. मी इंजेक्शन मागितलं. मोठे डॉक्टर शिकाऊ पोरांकडे वळून म्हणाले, ‘काही देऊ नका. हमाल आहे. या लोकांना दुखणं कळत नाही.’ पोरं हसली.

माझंच वाक्य. मालकाची जीभ माझ्या तोंडात कधी येऊन बसली होती, मला कळलंही नव्हतं.

‘कळतं, साहेब,’ मी म्हणालो. ‘आमाला बी कळतं. लय कळतं.’

हसणं थांबलं. इंजेक्शन मिळालं नाही.

आठव्या दिवशी दिवाणजी गोळ्या घेऊन आला. ‘ह्या खा, अन् महिन्यात कामाव ये.’

‘परत न्या. माज्या टोळीत आता एकबी गोळी चालायची न्हाई. ज्याचं दुखंल त्यो बसंल. त्याचं पोतं आमी उचलू.’

‘मग दुसरी टोळी आणतो.’

‘आणा. त्यास्नीबी हेच सांगतो.’

टाके निघाले, गळ्याला पट्टा लागला. टोळीसमोर अपमान केला होता, म्हणून टोळी घेऊन धोंडीबाच्या दारात गेलो. सून त्याला भाकरी मोडून देत होती. त्याने माझ्या पट्ट्याकडे पाहिलं. ‘बस’ म्हणाला नाही.

‘काय काम काढलंस?’

मान वाकत नव्हती. मी गुडघ्यांवर बसलो.

‘तात्या, तुमी नाटक करत नव्हता. तुमचं दुखत हुतं. मला ठावं हुतं, तरी ह्या सगळ्यांम्होरं मी तुमास्नी खोटं पाडलं. तुमचा हात माज्यामुळं गेला. माजं चुकलं.’