मामाजी आणि बाहेरच्या कंपनीची लेन्स

माझे सासरे, म्हणजे आमचे मामाजी, कुठलीही वस्तू हातात आली की आधी कानाशी नेऊन हलवून पाहत. टॉर्च, कुकरची शिट्टी, नातवाचं खेळणं, काहीही. हिंगणघाटच्या एका कापड गिरणीत त्यांनी उभा जन्म स्टोअरकीपर म्हणून काढला होता. नकली सुटे भाग ओळखायलाच देवानं आपल्याला खाली पाठवलंय, अशी त्यांची ठाम समजूत. जगात दोनच प्रकार: कंपनीचं आणि डुप्लिकेट. माणसांनाही हाच नियम. लग्नाआधी मला पाहायला आले तेव्हा माझं मनगटी घड्याळ मागून घेतलं, कानाशी हलवलं आणि परत दिलं. नशीब, माझं डोकं हलवून पाहिलं नाही. आत बरंच सुटं होतं, लग्न तिथंच मोडलं असतं.

मी वर्ध्यात कारकुनी करतो, राहतो पिपरी मेघेला, आणि रविवारी पक्ष्यांचे फोटो काढतो. म्हणजे काढायला जातो. माझ्या फोटोत फांदी अगदी लख्ख येते, पक्षी तेवढा नुकताच उडालेला असतो. मामाजी फोटो निरखून पाहत आणि गंभीरपणे म्हणत, "जवाईबापू, फांदी मस्त आली जी!" मी पुष्कळ दिवस ही स्तुतीच समजत होतो.

दवाखान्यात हृदयाचं दुखणं काढून घरी आले, त्यानंतर एका दुपारी त्यांनी मला जवळ बसवलं. "माह्या हाराचा फोटो काढून द्या," म्हणाले. मला काही समजेना. मग त्यांनी भिंतीकडे बोट दाखवलं. मेल्यावर टांगायचा फोटो! त्यांचा एकही धड फोटो नव्हता. फ्लॅश उडाला की डोळे मिटत, आणि समोर कॅमेरा दिसला की चेहरा ओळखपत्रावरच्यासारखा होई. "असं तोंड भितीवर टांगलं तं पाहुने चहा घेतल्याबिगर पळतीन," हे त्यांचंच म्हणणं. चेहरा खुलायचा तो एकाच ठिकाणी, त्यांच्या गावी, सेलूच्या देवळात भजनी मंडळात खंजिरी वाजवताना. तिथं मात्र दोन मिणमिणत्या ट्यूबलाइट. फ्लॅश मारायचा नाही, जवळ जायचं नाही, आणि त्यांना कळूही द्यायचं नाही.

त्यासाठी लांबचं जवळ दिसेल अशी झूम लेन्स हवी, आणि तीही फास्ट. फास्ट म्हणजे फोटो झटकन निघतो, असं मी वर्षानुवर्षं लोकांना ठणकावून सांगत आलो होतो. प्रत्यक्षात फास्ट म्हणजे जिचं तोंड मोठं उघडतं आणि अंधारातला उजेडही आत येतो ती. माझ्या कॅमेऱ्याच्या कंपनीच्या अशा लेन्सची किंमत पाहून मी मोबाईल पालथा ठेवला. माझ्याच कॅमेऱ्याला बसणारी, पण दुसऱ्याच कंपनीनं बनवलेली एक होती, ती परवडत होती. झालं, मी व्हिडिओ पाहायला बसलो. एकजण म्हणे फोटोच्या कडा मऊ, म्हणजे पुसट येतात, दुसरा म्हणे फोकस चुकतो, तिसरा म्हणे वजनानं मनगट जाईल. त्या लेन्सनं काढलेले कुणाकुणाच्या घरच्या विटांच्या भिंतींचे फोटो मोठे करकरून मी कोपरे तपासत बसलो. मामाजींचा फोटो कोपऱ्यात येणार नव्हता, एवढी साधी गोष्ट माझ्या डोक्यात शिरली नाही. ते इकडे वाळत चालले होते. शेवटी बायको कडाडली, "तुमची लेन्स येईन तवा बाबा राह्यतीन का?" मी मोबाईल बंद केला.

दुकानात मामाजी हट्टानं सोबत आले. "कोन्या कंपनीची आहे?"

"आपल्या कॅमेऱ्याच्या नाही, मामाजी. बाहेरच्या कंपनीची आहे."

"म्हंजे डुप्लिकेट."

त्यांनी ती जड लेन्स दोन्ही हातांनी उचलली आणि कानाशी नेऊन हलवली. दुकानदार अर्धा उठलाच! आत खुळखुळ वाजलं. मामाजींचा चेहरा उजळला. "सुटं आहे अंदर!" हात थरथरला तरी फोटो हलू नये म्हणून आत एक काच मोकळी ठेवलेली असते, असं दुकानदारानं परोपरीनं समजावलं. मामाजींनी लेन्स कॅमेऱ्यावर चढवली, काढली, पुन्हा चढवली. खट्ट आवाज झाला. अंगठ्यानं जोड चाचपला. मग म्हणाले, "बाहेरच्या कंपनीची, अंदर सुटं, पन फिटिंग बराबर. आमच्या जवायासारखी आहे. घेऊन टाका जी." दुकानदार हसला, मीही हसलो. पण खरं सांगतो, माझ्या कुठल्याच वरिष्ठानं माझा एवढा मान केला नव्हता.

सेलूच्या देवळात मी पार मागे, चपलांच्या ढिगाजवळ उभा राहिलो. भजन रंगात आलं तशी मामाजींची मान डोलायला लागली. खंजिरी वर गेली, आणि मध्येच कुणाकडे तरी पाहून ते हसले. कधी नव्हे ते मिस्कील, एखाद्या तरण्या पोरासारखे. मी बटण दाबलं. या वेळी पक्षी उडाला नाही.

त्या उन्हाळ्यात मामाजी गेले. मला अजून सवयीनं वाटतं, कुठलीही नवी वस्तू घेतली की त्यांना दाखवून यावी. फार वाटतं.

तेरवीनंतर पाहुणे पांगले, तेव्हा सासूबाई, आमच्या मामीजी, भिंतीवरच्या त्या फोटोसमोर येऊन उभ्या राहिल्या. "जवाईबापू, हे कोनाकडे पाहून हासून राह्यले जी?"

"तुमच्याकडे, मामीजी. बायकांच्या रांगेत, खांबाजवळ तुम्हीच बसला होतात."

"काहीच्या बाही सांगू नका," त्या म्हणाल्या. "मले तं जनमभर भाजीत मीठ जास्त झालं, एवढंच म्हनलं त्याइनं." आणि पदरानं फोटोची काच पुसत राहिल्या.

पुढच्या खेपेला गेलो तर मामीजींची नेहमीची खुर्ची खिडकीजवळ नव्हती. फोटोतली नजर जिथं पडते, बरोबर तिथं त्यांनी ती ओढून घेतली होती आणि मांडीवर ताट घेऊन मेथी निवडत बसल्या होत्या. मी नमस्कार करायला त्यांच्या पुढ्यात आलो. मान वर न करता त्या म्हणाल्या, "जवाईबापू, जरासे बाजूले व्हा जी."