अंगणात आपोआप उगवलेलं

कानडी मुलखातल्या आमच्या लेआउटमध्ये, म्हणजे कॉलनीत, चार मराठी घरं, प्रत्येकाला टीचभर अंगण. न लावलेलं काही उगवलं की फोटो ग्रुपवर टाकायचा आणि सगळ्यांनी मिळून ओळखायचं, एवढंच ठरलं होतं. फोनची मेमरी भरली की फोटो उडवतो आम्ही. किस्से मात्र साठतच चाललेत.

*

निखिल पुण्याचा, ऑफिस बेळ्ळंदूरला. त्याच्या कुंपणाशी बारीक पांढऱ्या फुलांचं झुडूप आलं. पठ्ठ्यानं काठीचा आधार दिला, रोज पाणी घातलं आणि फोटोखाली लिहिलं, 'माय बेबी!'

लगेच सुधाक्कांचा फोन. या जीवशास्त्राच्या रिटायर्ड टीचर. घराणं पिढ्यान्‌पिढ्या इथलंच, त्यामुळे मराठीत निम्मं कन्नड.

"अय्यो, गाजरगवत रे ते! हातमोजे घाल आणि उपट. शिंका येतात का?"

"महिनाभर येतायत! मी ट्रॅफिकच्या धुराला शिव्या घालत होतो!"

*

माझा भरवसा ॲपवर. फाटकाशी उगवलेल्या एका रोपाचा फोटो काढला, उत्तर आलं पुदिना. दुसरा काढला, झेंडू. तिसऱ्यात माझा अंगठा आला. गाजर!

सुधाक्कांनी पान चुरगळून माझ्या नाकाशी धरलं. रानतुळस.

"स्वल्प वाकायला शीक," म्हणाल्या.

इतकी वर्षं मी तिथून ये-जा करत होतो. वाकलो त्या दिवशी पहिल्यांदा.

*

पाटीलकाका बेळगावचे. एकदा त्यांनी कढईचाच फोटो टाकला : 'अंगणातला राजगिरा. आज भाजी मी करणार!'

फोटोत कढईशेजारी उरलेली पानं दिसताच सुधाक्कांनी फोन लावला. "अण्णा, गॅस बंद करा!"

"अहो, फक्त मीठ घालायचं राहिलंय."

"बंद करा आधी!"

त्या चपला न घालता धावत गेल्या. उरलेलं एक पान चुरडून हुंगलं. धोत्रा! कोवळी पानं राजगिऱ्यात मिसळून खुडली गेली होती.

काकूंनीच कढई उचलली.

"जन्मात पहिल्यांदा माझ्यासाठी स्वयंपाक केला, आणि तो हा!"

*

सुधाक्कांचे यजमान गेले, तेव्हापासून त्यांनी ग्रुप उघडला नव्हता. आम्हीही फोटो टाकायचे बंद केले.

मग एका सकाळी त्यांचाच फोटो आला. पायरीला चिकटून एक लहानसं रोप. खाली एकच शब्द : 'ओळखा.'

आम्ही तिघेही गेलो. काका खाली बसले, पान निरखलं.

"सीताफळ! पण इथे कुणी लावलं?"

"लावलं कुठे! हे पायरीवर बसून सीताफळ खायचे आणि बिया तिथेच थुंकायचे. जन्मभर सांगितलं, अंगणात थुंकू नका म्हणून."

निखिल हळूच म्हणाला, "अक्का, मोठं झालं की मुळं पायरी फोडतील. दुसरीकडे लावू या का?"

त्या आत निघून गेल्या. आम्ही एकमेकांकडे बघत उभे. निखिलचा चेहरा पडला.

त्या बाहेर आल्या त्या तांब्याभर पाणी घेऊन. रोपाच्या बुडाशी सावकाश ओतलं. पदराने हात पुसले.

"बघा," म्हणाल्या, "अजून ऐकत नाहीत!"