गवती चहाचा ठोंब आणि मायचा नेम

माझी पाठवणी कांद्याच्या ट्रॅक्टरांत अडकली होती. आपल्यातल्या ज्या पोरी नामपूरला राहिल्यात आणि माझ्यासारख्या उठून ज्या कुठे कुठे गेल्यात, त्या सगळ्यांना ती आठवत असेलच. नव्वदीतला उन्हाळा, बाजाराचा दिवस, आणि फुलं लावलेली आमची जीप वीस-पंचवीस ट्रॅक्टरांच्या मधोमध उभी. सगळ्यांचं पोटभर रडून झालं होतं. आता जीप हलेना, आणि पुन्हा रडायचं तरी किती! शेवटी माझ्या मायने घरात जाऊन चहाची किटली आणली आणि वऱ्हाडाला, ड्रायव्हरला, शेजारच्या ट्रॅक्टरवाल्यालासुद्धा चहा पाजला. मावशी म्हणाली, चला, आता लेकीचं घर झालं, नाशिकला जाऊन चार दिवस आरामात खायचं-प्यायचं. त्यावर माय जीपच्या खिडकीला हात धरून सगळ्यांदेखत म्हणाली, "मांडीवर नातवंड येई, तवयच तुन्हा घरनं पानी पिसू." सगळे हसले. मीही पदरात तोंड घालून हसले. वर्षा-दोन वर्षांचा तर प्रश्न, असंच सगळ्यांना वाटलं होतं.

आपल्याकडची ही रीत तुम्हाला काय सांगायची. लेकीला मूल होईपर्यंत आईबापाने तिच्या घरचं अन्नपाणी घ्यायचं नाही. पुष्कळजणी हल्ली लेकीच्या हातावर रुपया ठेवून मोकळ्या होतात. पण माझी माय म्हणजे माय. माझे वडील मी शाळेत असतानाच गेले, तिने एकटीने शेत सांभाळलं, भावाला आणि मला वाढवलं. ती एकदा बोलली की बोलली.

पंचवटीत आमच्या दोन खोल्या होत्या, दुसऱ्या मजल्यावर. सासू-सासरे नव्हते, आमचे हे आणि मी, दोघंच. माय वर्षातून दोनदा यायची. भाऊ तिला एसटीत बसवून द्यायचा. एका हातात भाकरी-चटणीचं फडकं, दुसऱ्या हातात फिरकीच्या झाकणाचा मोठा पितळी तांब्या, त्यात नामपूरचं पाणी. दोन दिवस राहायची, माझं घर घासूनपुसून काढायची, माझ्या डोक्याला तेल चोळायची आणि तिसऱ्या दिवशी शिळी भाकरी संपली की निघायची. मुक्काम तांब्यातल्या पाण्यावर ठरायचा! मी पुरणपोळी करून समोर ठेवली तरी ती नुसता वास घेऊन म्हणायची, छान झाली आहे. मला इतका राग यायचा की सांगू नका. पहिली दोन वर्षं गंमत वाटली. नंतर दवाखाने सुरू झाले, तपासण्या झाल्या, आणि मग तो तांब्या दारात दिसला की मी तोंड फिरवून स्वयंपाकघरात शिरायची. मायने कधी एका शब्दाने विचारलं नाही. पण तांब्या विचारायचा ना! माझी आई माझ्या घरी कधी जेवणारच नाही की काय, हे एकच माझ्या मनात घोळत राहायचं.

मग आम्ही पंचवटीतच तळमजल्यावरचा फ्लॅट घेतला. स्वयंपाकघराच्या मागे जमिनीची एक पट्टी होती, आठ पावलं लांब आणि दोन पावलं रुंद. हे म्हणाले, फरशी टाकू, स्कूटर लावायला होईल. मी म्हटलं, स्कूटर रस्त्यावर भिजली तरी चालेल, माती माझी. शेजारच्या बाई म्हणाल्या, गुलाब लावा, मोगरा लावा. मी शेतकऱ्याची पोर, मला खायचं लावायचं होतं. आधी उत्साहाने कोथिंबीर आणि मेथी टाकली. उगवली, वाढली, उपटली, संपली. पुन्हा टाका, पुन्हा उपटा. तीनदा केलं आणि मला त्याचा वीट आला. खरं सांगते, त्या दिवसांत मला काही उपटवत नव्हतं. लावलं की राहील, पान तोडलं की पुन्हा येईल, असं काहीतरी मला हवं होतं.

पंचवटीच्या भाजीबाजारात भागाबाई बसायच्या. मखमलाबादकडे त्यांचा मळा, पहाटे भाजी आणि फुलं घेऊन यायच्या. त्यांना विचारलं तर त्या गिऱ्हाईक सोडून मला शिकवायला लागल्या. "कोथिंबीर काय, पाहुनी हाय ती. कायम ऱ्हानारं लाव. पन भारंभार लावू नको, बाई. रोज जे तोडशील तेवढंच लाव." मग एकेकाचा स्वभाव सांगितला. कढीपत्त्याला ऊन लय लागतं, त्याला भिंतीपासून हातभर लांब ठेव. पुदिना जमिनीत लावशील तर तो घरात शिरंल, त्याला फुटक्या बादलीत कोंड. अळूला पाणी पायजे, तांदूळ-भाज्या धुतलेलं पाणी त्याच्या बुडाशी जाऊ दे. पानओव्याची नुसती फांदी खोच, ती बापडी कुठंही जगते. गवती चहा कोपऱ्यात लाव, त्याच्या पात्याने हात कापतो. मी सगळं डोक्यात भरून घेतलं आणि तडक एका नर्सरीत जाऊन सुरुवात गवती चहापासून केली.

दोन महिने मी त्या रोपाला नेमाने पाणी घातलं. जोमात आलं हो! हिरवंगार, कमरेला लागेल एवढं. चहात टाकलं तर वास येईना. मला वाटलं, कोवळं आहे, मुरायला वेळ लागत असेल. ह्यांना रोज तोच चहा पाजत होते आणि हे बिचारे "हं, आज थोडा वास येतोय" म्हणत होते. माय आली तेव्हा मी तिला मोठ्या ऐटीत मागे नेलं. तिने एक पातं तोडलं, चोळलं, नाकाशी नेलं, पुन्हा चोळलं आणि पायरीवर मटकन बसली. मी घाबरले. पाहते तर ती हसत होती, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. "सुमे, हाई ते गवत शे वं!" कांद्याच्या गावची पोर, शहरात जाऊन गवताला पाणी घालतेय आणि जावयाला गवत उकळून पाजतेय. ही बातमी दोन दिवसांत नामपूरभर झाली असणार, तुमच्यापैकी कोणीतरीच ती पसरवली, मला नाव माहीत आहे.

पुढच्या आषाढात माय आली ती गोणपाटात ओली माती बांधून. तिच्या परसातल्या गवती चहाचा ठोंब आणि कढीपत्त्याच्या मुळाशी फुटलेलं एक रोप. पावसात डोक्यावर पोतं घेऊन तिने स्वतः खड्डे केले. मला हात लावू दिला नाही. "तू गवत लाव," म्हणाली. दोन्ही रुजली. आणि तीन दिवसांनी नेहमीप्रमाणे तांब्या रिकामा झाला, माय गेली.

खरी गोष्ट त्यानंतरच्या वैशाखातली. दुपारी दोनच्या उन्हात माय दारात उभी. चेहरा लाल, लुगड्याचा ओचा अजून ओलसर. सटाण्याच्या पुढे एसटीने असा काही गचका खाल्ला की तांब्याचं सैल राहिलेलं झाकण उडालं आणि नामपूरचं सगळं पाणी तिच्या मांडीवर सांडलं. तेव्हापासून तिच्या घशाखाली थेंब गेला नव्हता. मी माठातलं पाणी घेऊन धावले. तिने हात आडवा केला. "पोरनं घर शे. पानी नही चालस."

माझा बांधच फुटला. इतक्या वर्षांचं सगळं बाहेर आलं. मी म्हटलं, माय, मला मूल होणार नाही. डॉक्टरांनी सांगितलं आहे, एकाने नाही, दोघांनी. तू काय माझ्या दारात तहानेने मरणार आहेस? हातातला पेला तसाच ओट्यावर आपटला आणि मागच्या दाराने पट्टीत जाऊन उभी राहिले. रडले, अगदी हुंदके देऊन. आत हे काय बोलत होते ते कळत नव्हतं. थोड्या वेळाने माय बाहेर आली. माझ्याकडे न बघता कोपऱ्यात गेली, वाकली आणि गवती चहाची पाती मुठीत धरून सपासप कापली. मग ती मूठ माझ्या नाकासमोर धरून म्हणाली, "हाई मन्हं शे. मन्हा परसमानं. हाई चालस."

ठोंब तिच्याच परसातला, म्हणून तो तिला चालत होता. तोवर आमचे हे दारात आले होते. कारखान्यात युनियनची भांडणं सोडवणारा माणूस, त्यांना लगेच सूर सापडला. गंभीरपणे म्हणाले, "पण मामी, पाणी?" माय म्हणाली, "पानी गंगामायनं. गंगामाय काय तुन्ही शे का?" नाशिकची गंगा म्हणजे गोदावरी, नळाला तिचंच पाणी, म्हणजे पाणी सुटलं! "आणि साखर?" "आम्हना ऊसनीच व्हई." भावाचा ऊस कारखान्याला जायचा, म्हणजे तीही सुटली. "कप?" कप मायनेच रुखवतात दिलेले. गॅसबद्दल हे स्वतःच म्हणाले, गॅस सरकारचा, त्यात माझं काही नाही. दूध मात्र कोणाच्याच नावावर बसेना, म्हणून ते राहिलं. मी डोळे पुसत, हसत, नुसत्या गवती चहाचा काढा केला. माय ओट्यालाच टेकून उभी होती. बशीत ओतून, फुंकर मारून, तिने पहिला घोट घेतला. मग दुसरा. मग पूर्ण कप. आणि म्हणाली, साखर कमी आहे.

मुलाबद्दल मी बोललेलं तिने ऐकलं, आणि ऐकून कोपऱ्यात जाऊन पाती कापली. सात वर्षांचा नेम तिने माझ्यासाठी असा वाकवला. मला तेवढं पुरलं. आनंदाच्या भरात मी त्या दिवशी ह्यांना काय वाढलं तेही आठवत नाही.

त्यानंतर पट्टीत काय लावायचं हे ठरवणं एकदम सोपं झालं. ज्यात नामपूरचं पान पडेल तो पदार्थ मायला चालेल! मी एसटीडी बूथवरून भावाला फोन करायची, यंदा अळूचे कंद पाठव. कंद आले, रुजले, आणि माय आली की अळूच्या वड्या. पानओव्याची फांदी आली, मग त्याच्या पानांची भजी. पुदिन्याच्या मुळ्या आल्या, त्या भागाबाईंच्या सांगण्याप्रमाणे बादलीत कोंडल्या, मग चटणी. कढीपत्ता वाढला तशी कढी सुरू झाली, मग फोडणीचं वरण, मग पोहे. एकदा साध्या भातावर मी वरून दोन कढीपत्त्याची पानं ठेवली, तर माय इतकी हसली की तिला ठसका लागला. पण तो भात तिने खाल्ला. भाकरी मात्र ती अजून फडक्यातून आणायची. भाकरीत कुठलं पान घालणार? मुक्काम आठ दिवसांवर गेला. शेवटी-शेवटी तिची भाकरी वाळून कडक व्हायची, मग माय ती कढीत कुस्करायची.

आता सगळंच मिळतं. मॉलमध्ये गवती चहा प्लास्टिकच्या पुडीत बसलेला असतो, पुदिन्याचाही वेगळा डबा. मस्कतला गेलेली आपली एकजण परवा विचारत होती, बाल्कनीत कायमची अशी कुठली झाडं लावू? मी तिला ऊन-पाण्याचं सगळं सांगितलं, कढीपत्त्याला मोठी कुंडी घे, पुदिना वेगळा ठेव. आणि म्हटलं, तुझ्याकडे कोण जेवायला यावं असं वाटतं, ते आधी ठरव. ती म्हणाली, म्हणजे? म्हटलं, कळेल.

आमच्या पट्टीत आज शेजारच्या चार घरांची फोडणी होते. कढीपत्ता खिडकीच्या वर गेला आहे. पहिल्या पावसाळ्यात तो जगेल की नाही म्हणून केलेली काळजी आठवली की मला माझंच हसू येतं. नामपूरला गेले की दोन दिवसांनी माझी चुळबुळ सुरू होते, पुदिन्याला कोणी पाणी घातलं असेल का. वहिनी चिडवते, तुझं माहेर आता नाशिकला गेलं. मी म्हणते, गेलं ते गेलं, बरं झालं.

ते कधी गेलं, तेही मला नक्की ठाऊक आहे. दोन-तीन वर्षांपूर्वीची दुपार. माय आली होती, आता तिच्याच्याने फार चालवत नाही, भाऊ गाडीने सोडून गेला. ती जरा पडली होती. मी कणीक मळू की काय करू अशा विचारात ओट्याशी उभी. तिने पडल्या पडल्या हाक मारली, "भाकर टाक वं सुमे, भूक लागनी." मी चमकले. मागे वळून पाहिलं तर तिच्या पिशवीजवळ फडकं नव्हतं. आणलंच नव्हतं. मी घाईघाईने मागचं दार उघडायला लागले, निदान चटणीला चार पानं तरी तोडावीत म्हणून. माय उठून बसली. म्हणाली, "ऱ्हाऊ दे ते पानंबिनं."

मी बाजरीचं पीठ घेतलं, माझ्या घरचं, कोपऱ्यावरच्या दुकानातलं. माझ्या माठातलं पाणी घेतलं. तव्यावरची भाकरी फुगली ती तशीच तिच्या ताटात टाकली, बाजूला कांदा आणि मीठ. त्या ताटात नामपूरचं काहीसुद्धा नव्हतं. मायने ती खाल्ली आणि ताट पुढे करून आणखी एक मागितली.