मामांचं शेंगदाण्याचं दूध

वादात हरल्यावर आपलं वागणं बदलणारा माणूस अख्ख्या नगर जिल्ह्यात एकच होता, आणि तो नेमका माझ्या घरी राहायला आला. ते माझ्या पत्नीचे मामा. काष्टीला त्यांनी हयातभर मास्तरकी केली आणि मामी गेल्यावर एक वळकटी नि एक पाटा-वरवंटा घेऊन ते भिंगारला आमच्याकडे आले. वळकटीचं समजलं, पाट्याचं कोडं दुसऱ्या दिवशी सकाळी उलगडलं. मामा दूध पीत नसत. भिजवलेले शेंगदाणे वाटायचे, फडक्यातून पिळायचे आणि जे पांढरं पाणी निघेल ते पेलाभर घ्यायचं, हे त्यांचं दूध. त्यांच्यासमोर त्याला पाणी म्हटलेलं चालत नसे.

याचं मूळ एका व्याख्यानात होतं. वीसेक वर्षांपूर्वी नगरच्या एका वाचनालयात मामा शाकाहारावर बोलले. भाषण रंगलं, टाळ्या पडल्या, आणि मागच्या बाकावरून एका वकिलाने विचारलं, "मास्तर, कोंबडीचं म्हणून अंडं नको, मग दूध काय झाडाला लागतं?" सगळे हसले. मामा हसले नाहीत. विचार करून कळवतो म्हणाले, काष्टीला परतले, तीन दिवस विचार केला आणि चौथ्या दिवशी वकिलाला पत्र धाडलं: आपला मुद्दा बिनतोड आहे, अंडं खाणं मला जमणार नाही, सबब आजपासून दूध सोडलं. वकील बिचारा घाबरून काष्टीला धावला, गंमत केली म्हणून हात जोडू लागला. उपयोग झाला नाही. दूध गेलं, त्यामागे दही, ताक, तूप गेलं. लग्नाच्या पंगतीत श्रीखंड वाढणारा आला की मामा पानावर हात आडवा धरत आणि शेजारच्याला कारण सांगत. मग शेजारच्यालाही ते श्रीखंड धड गोड लागत नसे. सत्यनारायणाचं पंचामृत ते तळहातावर घेत, डोळ्यांना लावत आणि तुळशीच्या मुळाशी सोडत. रस्त्यात गाय भेटली तर पाठीवर हात फिरवून म्हणत, "तुझं तुझ्या वासराला, बाई."

हे सगळं गमतीत चाललं होतं, तोवर लढाईच्या दिवसांत मामांना विषमज्वर झाला. ताप उतरला तेव्हा खाटेवर मामा कमी आणि चादर जास्त दिसत होती. डॉक्टरांनी नाडी सोडली, मला अंगणात नेलं आणि सांगितलं की दूध द्या नाहीतर अंडं द्या. दोन्ही नको असेल तर पुढच्या खेपेला मला बोलावू नका. 

पहिल्या दिवशी मी शेंगदाण्याच्या दुधात चमचाभर गाईचं दूध मिसळलं. पेला ओठापर्यंतही गेला नाही. "जावईबापू, भांडं नीट विसळलं नव्हतं वाटतं," मामा क्षीण आवाजात म्हणाले. वीस वर्षं सोडलेल्या वस्तूचा वास माणसाला मैलावरून येतो. तेव्हा माझ्या सुपीक डोक्यात आलं की मामांनी दूध सोडलेलं आहे, अंडं मात्र जन्मात चाखलेलंच नाही; मग ते ओळखणार कसे? ही माझ्या आयुष्यातली एकमेव तर्कशुद्ध कल्पना, आणि तीच मला भोवली.

त्या दिवसांत भिंगारातली बहुतेक अंडी लष्कराच्या मेसमध्ये जात. मी लष्करी भांडारात कारकून, पण तिथे अंडं मागायची माझी छाती नव्हती. शेवटी गल्लीच्या टोकाला राहणाऱ्या चाचीकडे गेलो. चाचीचे यजमान पलटणीच्या बँडात होते. ते वारल्यावर तिने कोंबड्या पाळल्या होत्या. मी इकडेतिकडे बघत मागणी केली. चाचीने सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "मास्तरांना सांगून द्या, भाऊ. चोरून दिलेलं त्यांच्या अंगाला लागेल, तुमच्या नाही लागायचं."

पहिलं अंडं मी कोटाच्या खिशातून आणलं आणि दारातल्या सायकलला धडकलो. तो कोट मी नंतर कधी घातला नाही. दुसरं फोडायला चाचीनेच शिकवलं. घरात हिने एवढंच सांगितलं की मला काही दिसलं नाही, मी तुळशीकडे तोंड करून उभी आहे. रोज सकाळी मी एक अंडं घुसळून शेंगदाण्याच्या दुधात मिसळायचो, वर गूळ, वेलदोडा आणि जायफळाचा मारा. मामा घोट घेत आणि मी त्यांच्या गळ्याच्या घाटीकडे बघत देवाचं नाव घेई. एकदा ते थांबले. "जायफळ जरा जास्त होतंय का?" म्हणाले. दुसऱ्या दिवशी मी जायफळ कमी केलं आणि वेलदोडा वाढवला. टरफलं घरात टाकायची सोय नव्हती, म्हणून ती डब्यातून कचेरीत नेत होतो. एके दिवशी जेवणाच्या सुट्टीत डबे बदलले, आणि शेजारच्या कारकुनाने भाजी म्हणून माझी टरफलं उघडली. माझा मेसमध्ये वशिला आहे असं समजून तेव्हापासून तो माझ्याशी जरा आदराने वागू लागला. तीन आठवड्यांत मामांचे गाल भरले आणि माझे बसले.

मामा उठले, काठी घेऊन अंगणात फिरू लागले आणि त्यांना नवं भाषण सुचलं. दूधही नको, अंडंही नको, तरी माणूस मरणाच्या दारातून परत येतो. पुरावा म्हणून ते स्वतः उभे राहणार होते आणि साक्षीदार म्हणून मी. वाचनालय तेच. जमलं तर वकीलही तोच. मी रोज आजारी पडायचे उपाय शोधत होतो.

एवढ्यात गल्लीतल्या शिंप्याची बायको आली. शिंप्याचाही ताप नुकताच उतरला होता. ती उंबऱ्यात बसून मामांना म्हणाली, "मास्तर, तुमचं ऐकून ह्यांनी दूध सोडलंय. नुसतं शेंगदान्याचं पानी घेत्यात. पाय उचलत न्हाई. मी रडले तर म्हनले, मास्तर उठले, तसा मीबी उठंन."

मामा समाधानाने मान हलवू लागले. मला मात्र त्यांच्याऐवजी शिंप्याची खाट दिसू लागली. ती गेल्यावर मी मामांसमोर बसलो आणि कोटापासून टरफलांपर्यंत सगळं सांगून टाकलं. माझी नजर जमिनीवर होती.

"किती?" मामांनी विचारलं.

"एकवीस."

मामांनी कोपऱ्यातल्या पाट्याकडे पाहिलं. मग हळूच म्हणाले, "आणि मी मनाशी म्हणत होतो, यंदाचा शेंगदाणा चांगला निघाला."

त्यांनी पगडी घातली, काठी घेतली आणि मला पुढे घालून शिंप्याचं घर गाठलं. तिथे चार शेजारी बसले होते. त्यांच्यादेखत मामा म्हणाले, "मी अंड्यांवर उठलोय. मला ठाऊक नव्हतं, पण उठलोय अंड्यांवरच. तू दूध घे, अंडं घे, आधी बरा हो. मग आपण वाद घालू." वीस वर्षांची कीर्ती त्यांनी उभ्याउभ्या सोडून दिली आणि काठी टेकत परत फिरले.

मग तीन दिवस विचार. घरात आम्ही पावलं न वाजवता फिरत होतो. चौथ्या दिवशी ते काष्टीला निघणार याची हिला खात्रीच होती. चौथ्या दिवशी सकाळी पाट्याचा आवाज आला. मामांनी स्वतः वाटलं, पिळलं, पेला भरला आणि माझ्यापुढे धरला. "आधी तुम्ही." मी घोट घेतला. त्यांनी माझ्या चेहऱ्याकडे पाहिलं आणि उरलेलं पिऊन टाकलं.

त्यानंतर हे रोजचंच झालं. शिंपी हिंडूफिरू लागला, त्याने मामांना बंडी शिवून दिली, भाषण राहूनच गेलं. पण पहिला घोट माझा. ते माझ्या मनाला फार लागे. राजाच्या मुदपाकखान्यातला चाखणारा झालो, असं मी एकदा हिच्याजवळ कुरकुरलो. ती म्हणाली, "मी विचारलं होतं मामांना. ते बाहेर आता पाणीसुद्धा घेत नाहीत. म्हणाले, कोण काय घालील आणि सांगेलच असं नाही. जावईबापूंनी घातलं, पण आपणहून सांगितलं."

मामा आणखी तीन पावसाळे होते. पाटा अजून आमच्याकडेच आहे. कधीतरी ही शेंगदाणे वाटते आणि पेला माझ्या हाती देते. मी पहिला घोट घेतो, आणि सवयीने पेला पुढे करतो.