गच्चीकरांचा सत्कार

गच्चीकरांच्या अंगावर शाल होती, मांडीवर नारळ होता आणि समोर आमची अख्खी बिल्डिंग प्लास्टिकच्या खुर्च्यांवर बसली होती. सत्काराला आलेले नगरसेवक साहेब माइकवरून सांगत होते, की अशा माणसांमुळे मुलुंडचं नाव जगात गेलं. तेवढ्यात पश्चिमेच्या डोंगरावरून दिव्यांची एक रांग वर आली. एकामागे एक, सारख्या अंतरावर, न लुकलुकणारे दिवे. माणसं उठली, फोन वर गेले. साहेबांनी भाषण थांबवून वर पाहिलं आणि हसत म्हणाले, "घ्या! काकांच्या सत्काराला काकांचे तारेच आले." सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. गच्चीकरांनी मान खाली घातली ती वर केलीच नाही. मी औक्षणाचं तबक घेऊन शेजारी उभी होते. ते दिवे म्हणजे इंटरनेटचे उपग्रह होते. आणि ज्या ताऱ्यासाठी शाल घातली होती, तोही तारा नव्हता. हे त्या गच्चीवर तिघांना माहीत होतं. गच्चीकरांना, सेक्रेटरीला आणि मला.

गच्चीकर हे त्यांचं आडनाव नव्हे. रोज दुर्बीण घेऊन गच्चीवर जायचे म्हणून बिल्डिंगने ते लावलं, आणि पुढे कुरिअरवालाही त्याच नावाने विचारायला लागला. टेलिफोनच्या कचेरीत नोकरी करून निवृत्त झालेले, बायको लवकर गेलेली, मुलगी सासरी. आम्ही सगळ्यात वरच्या मजल्यावर राहतो, त्यामुळे गच्चीची चावी माझ्याकडे असते. दिवस मावळायच्या सुमाराला ते बेल वाजवायचे आणि म्हणायचे, "वहिनी, दुकान उघडतो." मी विचारायची, गिऱ्हाईक आहे का? ढगाळ असलं की म्हणायचे, "गिऱ्हाईक आहे, माल गोदामात अडकलाय."

मी चौथीपर्यंत शिकले. तरी त्यांचं काम मला समजलं होतं, कारण ते समजेपर्यंत सांगायचे. काही ताऱ्यांचा उजेड कमीजास्त होतो, तो बघून ते परदेशातल्या लोकांना कळवायचे. तसं बघणारे जगभर आहेत म्हणे, सगळ्यांचं मिळून एक काम चालतं. शिवाय नॅशनल पार्कच्या डोंगरांवर, जिथे शहराचा उजेड जरा कमी, तिथल्या आकाशाचे ते रोज संध्याकाळी फोटो काढायचे. एखादा नवा तारा सापडेल म्हणून. "नवा म्हणजे नवा नसतो, वहिनी. जुनाच असतो, एकदम भडकतो. आधी आपल्याला दिसत नव्हता, एवढंच." एवढ्या वर्षांत एकही सापडला नव्हता. त्याचं त्यांना वाईट वाटायचं नाही. आपण कळवलेलं तिकडे कोणी शंका न घेता मांडून ठेवतं, यातच त्यांचा सगळा मान होता.

दोनदा बघितल्याशिवाय तोंड उघडायचं नाही, हा त्यांचा नेम. प्रत्येक फोटो ते थोड्या वेळाने पुन्हा काढायचे. पहिल्यात ठिपका दिसला आणि दुसऱ्यात नसला तर तो तारा नव्हे, सोडून द्या. हीच सवय त्यांनी सगळ्याला लावली होती. माझ्याकडे जेवायला बसले तर पहिल्या भाकरीला कधी चांगली म्हणाले नाहीत. दुसरी खाऊन झाली की म्हणायचे, "हां, चांगली आहे." मी म्हणायची, गच्चीकर, तुमच्या बायकोने कसं काढलं हो तुमच्याबरोबर? ते म्हणायचे, तिला दोनदाच बघायला गेलो होतो.

पुढे त्यांच्या फोटोंवर रेघा यायला लागल्या. एकदा त्यांनी मला खाली नेऊन कॉम्प्युटरवर दाखवल्या. पाटीवर कोणी खिळा ओढावा तशा पांढऱ्या रेघा, या कडेपासून त्या कडेपर्यंत. इंटरनेटसाठी कोणीतरी हजारोंनी उपग्रह वर सोडतंय, असं ते म्हणाले. आपल्याकडे सूर्य मावळला तरी इतक्या उंचावर त्यांच्यावर ऊन पडतच असतं, म्हणून ते नेमके यांच्या दुकानाच्या वेळेला चमकतात. अर्धे फोटो टाकून द्यावे लागायचे. तिन्हीसांजेला वरून त्यांचं चुकचुकणं मला स्वयंपाकघरात ऐकू यायचं.

मी त्यांची बाजू घेतली नाही. आमच्या गावी, कोकणात, वाडीत फोनला रेंज नाही. पुतणी बाळंतपणात अडली तेव्हा तिचा नवरा फोन लावायला सड्यावर, डोंगरावरच्या उघड्या माळावर, धावत गेला आणि जीप यायला सकाळ झाली. मूल गेलं. मी त्यांना तोंडावर सांगितलं, की ते आकाशातलं इंटरनेट आमच्या वाडीत आलं तर मी पेढे वाटीन.

ते म्हणाले, "जन्मभर मी लोकांकडे टेलिफोनच लावले, वहिनी. मी नको कसं म्हणू? तुमच्या पुतणीचा फोन लागलाच पाहिजे. पण वर टाकणाऱ्याने खाली कोण बघत बसलंय ते विचारू नये? आपल्या गच्चीवर टाकी बसवायची तर सोसायटीची मीटिंग घेतात."

"मीटिंगला तरी कोण येतं?" मी म्हटलं.

"मी येतो," ते म्हणाले. खरंच, ते एकटे वेळेवर यायचे.

आणि एका संध्याकाळी चावी परत करायला आले ते मला तसेच खाली कॉम्प्युटरपाशी घेऊन गेले. दोन्ही फोटोंत एकाच जागी ठिपका होता. जिथे काही असायला नको तिथे. परदेशातल्या लोकांना त्यांनी लगेच कळवलं. आणि बिल्डिंगच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर विनंती टाकली, की नवा तारा वाटावा असं काहीतरी दिसलं आहे, ते नीट तपासायचं आहे, तरी उद्या संध्याकाळी गच्चीचे दिवे कृपया बंद ठेवावेत.

ग्रुपवर शेवटपर्यंत कोण वाचतं? रात्रीतून अभिनंदनाची फुलं आली, हात जोडलेले आले, पेढ्यांची चित्रं आली. सेक्रेटरीने साहेबांना फोन करून दोन दिवसांनी सत्कार ठरवला. दुसऱ्या दिवशी गेटवर फ्लेक्स. साहेबांचा फोटो हातभर, गच्चीकरांचा वीतभर, आणि मुलुंडच्या सुपुत्राने नवा तारा शोधला असं ठळक अक्षरांत. संध्याकाळी ते तपासायला वर गेले तर मांडववाले माळा लावून बघत होते. सगळी गच्ची लग्नाच्या हॉलसारखी झगझगत होती. ज्याने दिवे बंद ठेवा म्हटलं, त्याच्याच सत्कारासाठी. काहीही न बघता खाली आले आणि मला म्हणाले, "चांगली माणसं आहेत हो. रागवायचं तरी कुणावर?"

सत्काराच्या दिवशी दुपारी परदेशातून उत्तर आलं. तो तारा आणखी कोणालाच दिसला नव्हता. एकाच रांगेतले दोन उपग्रह होते. त्या ठरावीक जागी आला की प्रत्येकावर क्षणभर ऊन चमकत होतं. पहिल्या फोटोत एक सापडला, दुसऱ्यात त्याच्या मागचा. दोनदा बघायची जी सवय त्यांनी जन्मभर सांभाळली, तिनेच त्यांना फसवलं.

ते सेक्रेटरीला शोधत वर आले. माझ्या दारातच दोघांचं बोलणं झालं. सेक्रेटरी वाईट माणूस नाही, पण त्याचं तोंड उतरलं. "काका, साहेबांची वेळ मिळत नाही हो. फ्लेक्स लागलाय, वडे सांगितलेत. आता तारा नाही म्हणून सांगू? तुम्ही काही बोलूच नका. फक्त शाल घ्या."

"अहो, पण ते खोटं आहे."

"खोटं कसं? तुम्ही बघितलंत ना? मग झालं तर."

गच्चीकरांनी माझ्याकडे पाहिलं. मी कुणाची भीड ठेवत नाही हे बिल्डिंगला माहीत आहे. मी एक शब्द बोलले असते तर सेक्रेटरीने मुकाट्याने माळा उतरवल्या असत्या. मला वाटलं, एवढी माणसं जमलीत, उगाच तमाशा कशाला. मी म्हटलं, "एका संध्याकाळचा तर प्रश्न आहे. बसा जाऊन." ते "बरं" म्हणाले. मग मी आत जाऊन तबकात निरांजन लावलं आणि त्यांना ओवाळलं.

वडे खाणं चालू असताना ते खाली गेले आणि गेटजवळच्या फळ्यावर खडूने लिहिलं, की मी कळवलेला तारा हा तारा नव्हता, उपग्रह होते, चूक माझी आहे. खाली स्वतःचं खरं नाव. सकाळी तो मजकूर पुसून तिथे पाणी येणार नसल्याची सूचना लिहिलेली होती. त्यांनी पुन्हा लिहिलं. पुन्हा पुसलं गेलं. फ्लेक्स काढा म्हणून ते सेक्रेटरीच्या मागे लागले, पण त्यावर साहेबांचा फोटो, हात कोण लावणार? तेव्हापासून ते कचऱ्याच्या डब्यांकडच्या मागच्या गेटने जायला-यायला लागले. साहेबांचा वाढदिवस आला तेव्हा तिथे दुसरा फ्लेक्स चढला. तरी ते मागच्याच गेटने जायचे.

परदेशातल्या लोकांनी त्यांना नावं ठेवली नाहीत. हल्ली पुष्कळांचं असं होतं, तुम्ही कळवत राहा, असंच लिहिलं. पण ते कळवेनासे झाले. चावी न्यायचे आणि लगेच आणून द्यायचे. एकदा दारातच थांबले. "वहिनी, आता दोनदा बघूनही खात्री वाटत नाही. तिसऱ्यांदा बघतो. मग चौथ्यांदा. दिसतंय ते खरं की त्यांनी सोडलेलं, मला कळतच नाही. असं कुठवर बघायचं?"

मी म्हटलं, "मग बघूच नका."

मला सोपं वाटलं म्हणून बोलले. त्यांनी चावी माझ्या हातात ठेवली आणि जिना उतरले. दुसऱ्या दिवशी बेल वाजली नाही. नंतरही कधी वाजली नाही. पुढच्या थंडीत छातीत कळ येऊन ते गेले. मुलीने दुर्बीण नेली.

आमच्या वाडीत ते इंटरनेट अजून पोचलेलं नाही. पोचलं तर मी पेढे वाटणारच, तो शब्द मी मागे घेत नाही. लोक म्हणतात, उपग्रहांनी गच्चीकरांचा घात केला. फोटोत फसवलं ते उपग्रहांनी, खरं आहे. पण त्या खुर्चीवर त्यांना उपग्रहांनी बसवलं नाही. आम्ही बसवलं. आणि त्याची शरम आमच्यातल्या कोणालाच वाटली नाही, ती सगळी त्यांनी एकट्याने घेतली. मला वाटते ती आत्ता, तिचा आता कोणाला काय उपयोग?

त्या संध्याकाळी गच्चीवर होतो ते आम्ही सगळे अजून आहोत. गच्चीकर तेवढे नाहीत.