कळंब्याची चिलटं

धोंडीराम कांबळे गाडीत बसण्याआधी चपला काढायचा. चहा बशीत ओतून प्यायचा, पण बशी कधी बॉनेटवर टेकवायचा नाही. काच पुसायला घेतलेलं वर्तमानपत्र आधी वाचायचा, जाहिरातींसकट. कोरड्या काचेवर फडकं मारणाऱ्याला शिवी द्यायचा, मग तो कुणीही असो. आणि कामाची वेळ आठची असताना उचगावहून सायकल मारत सहाला हजर व्हायचा.

ही शेवटची सवय दत्तोपंतांच्या डोळ्यात खुपली.

दत्तोपंत मंगळवार पेठेतले वकील. धोंडीराम त्यांच्या फियाटचा ड्रायव्हर, चाळिशीतला. मी वकिलांचा नवा कारकून, मराठी घेऊन बी. ए. झालेला. साल १९७३. धोंडीराम मला 'बीए' म्हणायचा आणि डब्यातली अर्धी भाकरी माझ्यापुढे सरकवायचा. त्या गावात मला दुसरा मित्र नव्हता.

"आठचा माणूस सहाला का येतो?" दत्तोपंतांनी मला विचारलं.

"काम करायला."

"रात्री धुतलेली काच सकाळी पुन्हा धुतो. गाडी शेडमध्ये उभी. मग काचेवर बसतं काय? मी सहाला अंबाबाईला जातो, साडेसातला येतो. तेवढा वेळ गाडी कुठं असते?"

गाडी किती किलोमीटर धावली ते दाखवणारे आकडे दोन वर्षांपूर्वीच अडकले होते. नाहीतर हे काम माझ्याकडे आलं नसतं.

"तू साहित्य शिकलास ना? निरीक्षण करायला शिकवतात म्हणे. कर."

"आणि काही निघालं तर?"

"त्याच दिवशी किल्ली काढून घेईन."

मी मान हलवली. नोकरी मलाही हवी होती.

त्याच आठवड्यात आम्ही एका पक्षकाराकडे हातकणंगल्याला गेलो. परतताना दिवस मावळला. गुऱ्हाळं चालू होती. रस्त्याकडेच्या उसातून आणि रसाच्या काहिलींवरून किडे उठत होते. घरी आलो तेव्हा काच माश्यांनी आणि मधमाश्यांनी भरली होती.

धोंडीरामने वर्तमानपत्र वाचलं, भिजवलं आणि काचेवर चिकटवलं.

"हितं घाई न्हाय करायची, बीए. किडा वाळला की काचंला धरतोय. ब्लेडनं खरवडला तर काच जाती, किडा ऱ्हातोय. कागुद भिजवून लावायचा आन धा मिनटं गप बसायचं."

दहा मिनिटांनी कागदाबरोबर निम्मे किडे निघाले. उरलेल्यांना रिठ्याचं पाणी. मधमाशीचा पिवळा डाग राहिला, त्याला आंबट ताक. शेवटी साबणाची कोरडी वडी हलक्या हाताने फिरवून त्याने काच कोरड्या कागदाने घासली. त्यावर उद्याचा किडा घट्ट धरत नाही, असं त्याचं म्हणणं.

"बसूच नये म्हणून काय करायचं?"

"चाळिसाच्या आत चालवायची. हळू गाडीवरनं किडा वाऱ्यासंगं वर निघून जातोय. जोरात असली की आपटतोय. आपटलेल्याचा डाग वर वढल्यागत दिसतोय, ह्यो बघा. नुसता बसून मेलेला असला तर फुंकर मारली की पडतोय."

"मग आज इतके कसे आपटले?"

"वकीलसाब मागनं वरडत हुते की. चल लवकर, चल लवकर."

आम्ही दोघंही हसलो. मी मात्र प्रत्येक शब्द लक्षात ठेवला.

सोमवारी मी सहज विचारलं, "दादा, इतक्या लवकर कशाला येता?"

"सकाळचं वारं गार लागतंय."

उचगावात वारं नव्हतं का? संध्याकाळी त्याने काच धुतली. मी जवळ जाऊन पाहिली. तिच्यावर एक ठिपका नव्हता.

मंगळवारी मी सातलाच गेलो. शेडचं दार अर्धं लोटलेलं. धोंडीराम मागे नळावर बादली भरत होता. गाडीच्या काचेवर ओला कागद होता. मी त्याचं टोक उचललं.

खाली चिलटं होती. बारीक, हिरवट, पाण्याकाठची. कळंब्याच्या तळ्यावर पहाटे असतात तसली. मी फुंकर मारली. एकही पडलं नाही. सगळे डाग वर ओढलेले.

बॉनेटला हात लावला. गरम होतं.

गाडी जोरात गेली होती. चाळिसाच्या आत चालवणारा हा माणूस इतक्या घाईने कुणाला घेऊन जात होता? कळंब्याला तळं आहे आणि तुरुंग आहे. मला दोन्हीकडे काहीतरी काळंबेरं दिसायला लागलं. मी कागद पुन्हा नीट चिकटवला.

साडेसातला दत्तोपंत आले, हातात प्रसादाचा पुडा. मी फाटकातच सांगितलं. ते थेट शेडमध्ये गेले.

"गाडी बाहेर नेली होतीस?"

धोंडीरामने माझ्याकडे पाहिलं. मग वर, माडीच्या खिडकीकडे.

"व्हय. न्हेलती."

"कशाला?"

"हवा खायला."

"कुणाला घेऊन?"

"ते न्हाय सांगत."

दत्तोपंतांनी हात पुढे केला. धोंडीरामने किल्ली त्या हातावर ठेवली, चपला घातल्या आणि सायकल काढली.

माडीवरून अक्का उतरून येईपर्यंत तो वळणापलीकडे गेला होता. अक्का म्हणजे दत्तोपंतांची थोरली बहीण. बावन्न वर्षांची, विधवा, मुलींच्या शाळेत गणित शिकवणारी.

"दत्तू, गाडी मी चालवत होते," अक्का म्हणाल्या.

दत्तोपंत तिच्याकडे वळले.

"गणपतीत रविवारी दुपारी तुझ्या छातीत कळ आली. धोंडीरामची सुट्टी. दारात गाडी, खुंटीला किल्ली, आणि मी टांगा शोधत बिंदू चौकापर्यंत पळाले. तेव्हाच ठरवलं. त्याला शपथ मी घातली, कुणाला सांगायचं नाही म्हणून. तुला विचारलं असतं तर शिकू दिलं असतंस?"

दत्तोपंत पायरीवर बसले. प्रसादाचा पुडा त्यांच्या हातातच होता.

मी काच बरोबर वाचली होती. ड्रायव्हर चुकीचा वाचला होता.

दुपारी दत्तोपंतांनीच मला उचगावला पाठवलं. "घेऊन ये त्याला. म्हणावं, चुकलं." हा शब्द मी त्यांच्या तोंडून पहिल्यांदा ऐकला.

धोंडीरामची बायको मीनाबाई दारात शेंगा फोडत होती.

"आले बगा तपासणीस," ती आत बघून ओरडली. "आमची बी भांडी बघून घ्या म्हणावं, कशात काय चिकटलंय."

धोंडीराम बाहेर आला. मला बसायला पोतं टाकलं. मी निरोप सांगितला. अक्कांनी सगळं सांगितल्याचंही सांगितलं.

"मग मिटलं की," तो म्हणाला.

"मग चला."

"न्हाय. आज अक्कासाब बोलल्या म्हणून मिटलं. त्या नसत्या बोलल्या तर? उद्या पेट्रोलचा वास घेतील, परवा माजं खिसं." त्याने माझ्याकडे पाहिलं. "आन तुमास्नी काच बघायला मीच शिकवली न्हवं?"

मीनाबाईने चहा आणून ठेवला. माझ्यापुढे कप, त्याच्यापुढे बशी.

"अक्का इतक्या जोरात चालवतात?" मी शेवटी विचारलं.

त्या दिवशी तो पहिल्यांदा हसला. "कितीबी सांगा, पाय हलका हुत न्हाय. साठ! तळ्यावरची सगळी चिलटं गोळा करून आणत्यात." मग कप माझ्याकडे सरकवत म्हणाला, "घ्या, निवतोय. आन त्यास्नी सांगा, रिव्हर्स ऱ्हायलंय. गाडी शेडात मागं घालायचं मीच करत हुतो. ह्या आठवड्यात शिकवनार हुतो."

तो आला नाही. महिन्याभरात त्याने हातकणंगल्याला एका ट्रकवर काम धरलं.

दत्तोपंतांनी नवा ड्रायव्हर ठेवला नाही. एका रविवारी अक्कांनी गाडी शेडमधून बाहेर काढली. दत्तोपंत शेजारी बसले, दोन्ही हातांनी सीट धरून. तासाभराने दोघं परतले. काच चिलटांनी भरली होती. अक्कांनी शेडसमोर गाडी उभी करून इंजिन बंद केलं.

मग वकिलांनी आणि मी ती मागे ढकलत आत घातली.